स्टीम लाइनचा साइज काढताना आधी दाब विचारा

डिझाइनला रुजू झाल्यावर पहिली स्वतंत्र स्टीम लाइन माझ्याकडे आली, तेव्हा पीआरव्हीच्या (वाफेचा दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या) फ्लँजवरून साइज उचलून मी मोकळा झालो. पीआरव्हीच्या आधी ६५ एनबी (पाइपचा नाममात्र व्यास, मिमीत), नंतरही ६५. लाइन चालू झाली आणि पीआरव्हीच्या पुढे शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. शेवटच्या हीट एक्स्चेंजरवरचा गेज ३ बारच्या बराच खाली अडकला.

फ्लो ताशी १००० किलो. पीआरव्हीच्या आधी दाब ७ बार गेज (वातावरणाच्या दाबावर ७), नंतर ३. स्टीम टेबल उघडा: ७ बारला एक किलो संपृक्त (त्या दाबाच्या उकळबिंदूवरची) वाफ सुमारे ०.२४ घनमीटर जागा घेते, ३ बारला ०.४६. किलो तेवढेच, जागा जवळजवळ दुप्पट. शेड्यूल ४० च्या (भिंतीच्या जाडीची प्रमाणित श्रेणी) ६५ एनबी पाइपचा आतला व्यास सुमारे ६२.७ मिमी. त्यात पीआरव्हीच्या आधी वेग सेकंदाला २२ मीटर येत होता आणि नंतर ४१. संपृक्त वाफेला साधारण २५ ते ४० मीटर धरतात. लांब लाइनला मी २५ च्या आसपासच राहतो. ८० एनबीला तोच वेग २७ वर येतो.

वेगावरून मिळतो तो फक्त पहिला अंदाज. त्यानंतर बेंड, व्हॉल्व्ह यांची समतुल्य लांबी (तेवढाच अडथळा करणाऱ्या सरळ पाइपची लांबी) धरून दाबाची घट काढायचीच, ती टाळू नका. ही घट व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलते, त्यामुळे ६५ वरून ८० ला गेलं की तेवढ्याच लांबीत ती जवळपास एक तृतीयांश होते.

मग सगळीकडे एक साइज वरचाच घ्यावा का? नाही. पृष्ठभाग वाढतो, उष्णता जास्त जाते, कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) जास्त होतं, लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) आणि सपोर्टचा खर्च वाढतो. पुढे लोड वाढणार असेल तर तो आकडा प्रोसेसवाल्यांकडून लेखी घ्या.

कंडेन्सेट लाइनवर नवे लोक हमखास चुकतात, कारण पाणी म्हणून साइज काढतात. ७ बारचं कंडेन्सेट ट्रॅपमधून (वाफ अडवून फक्त पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून) वातावरणीय दाबाला सुटलं की सुमारे १३ टक्के फ्लॅश होतं, म्हणजे त्याची पुन्हा वाफ होते. १०० किलोतलं ८७ किलो पाणी ०.१ घनमीटरमध्येही मावतं, पण उरलेल्या १३ किलो वाफेला जवळपास २२ घनमीटर लागतात. ट्रॅपनंतरचा पाइप या वाफेसाठी काढायचा असतो.

पुढच्या शटडाउनला पीआरव्हीनंतरचा पाइप कापून ८० एनबी घातला. एक्सेंट्रिक रिड्यूसर (दोन साइजचे पाइप जोडणारा, एका बाजूने सपाट तुकडा) जोडताना फिटरने विचारलं, "साहेब, सपाट बाजू वरच ना?" तो पंपाच्या सक्शनवर काम केलेला माणूस, तिथे हवा अडकू नये म्हणून सपाट बाजू वर ठेवतात. स्टीमला ती खाली हवी, नाहीतर पायरीपाशी पाणी साचतं, वाफ ते उचलते आणि पुढच्या बेंडवर वॉटर हॅमरचा दणका बसतो. रिड्यूसर फिरवून आम्ही सपाट बाजू खाली घेतली, लाइनला प्रवाहाच्या दिशेने १:१०० उतार दिला आणि व्हॉल्व्ह सावकाश उघडला. आवाज गेला होता. एक्स्चेंजरपाशी जाऊन पाहिलं, तर काटा ३ ला टेकत आला होता.