‘ॲब्सन्ट’ वापरताना या चुका टाळा

हजेरी घेताना हा शब्द रोज कानावर पडतो, त्यामुळे तो आपल्याला येतो असंच वाटतं. अर्ज किंवा मेल लिहायला बसलं की अडतं, आणि बहुतेकदा प्रीपोझिशनपाशीच.

मराठीत आपण ‘शाळेत गैरहजर’ म्हणतो. तो ‘-त’ डोक्यात ठेवून ‘ही वॉज ॲब्सन्ट इन स्कूल’ लिहिलं जातं. इथे ‘फ्रॉम’ हवा: ‘ही वॉज ॲब्सन्ट फ्रॉम स्कूल ऑन मंडे’. शब्दाचं मूळ पाहिलं की हे लक्षात राहतं. लॅटिनमध्ये ‘ॲब’ म्हणजे ‘-पासून दूर’ आणि ‘एसे’ म्हणजे ‘असणे’. गोंधळ वाढवतो तो ‘प्रेझेंट’, कारण त्याच्यापुढे ‘ॲट’ येतो: ‘प्रेझेंट ॲट द मीटिंग’, पण ‘ॲब्सन्ट फ्रॉम द मीटिंग’. किती दिवस ते सांगायचं तर ‘फॉर थ्री डेज’.

‘बिकॉज ऑफ माय ॲब्सन्ट’ हेही चूक. तिथे नाम लागतं, ‘ॲब्सन्स’. ‘आय डिड ॲब्सन्ट’ तर कुठेच चालत नाही. ‘आय वॉज ॲब्सन्ट’ एवढंच पुरे. ‘ॲब्सन्ट’ क्रियापद म्हणूनही येतं, पण त्याला ‘हिमसेल्फ’, ‘मायसेल्फ’ जोडावं लागतं: ‘ही ॲब्सेंटेड हिमसेल्फ फ्रॉम द मीटिंग’. त्यातून तो मुद्दाम गैरहजर राहिला असा सूर निघतो, म्हणून आजारी मुलाच्या अर्जात ते घालू नका. उच्चारही बदलतो: विशेषणात जोर ‘ॲब’वर, क्रियापदात ‘सेंट’वर. आपण मराठीत ‘ॲबसेंट’ म्हणतो तो उच्चार क्रियापदाच्या जवळचा आहे.

किल्ली सापडत नसेल तर ती ‘मिसिंग’, ‘ॲब्सन्ट’ नव्हे. फाइलमधलं चौथं पान नसेल तरी ‘मिसिंग’च. उलट, सोमवारपासून कामावर न आलेल्या सहकाऱ्याला मेलमध्ये ‘मिसिंग’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला तो बेपत्ता वाटेल. निर्जीव गोष्टींना ‘ॲब्सन्ट’ लागतच नाही असंही नाही. तपासणीत अपेक्षित प्रतिक्षिप्त क्रिया दिसली नाही तर डॉक्टर ‘रिफ्लेक्स ॲब्सन्ट’ लिहितात.

‘डिव्हॉइड’ (-विरहित) या शब्दाची गोष्ट उलटी. खोलीत सामान नसेल तर सामान ‘ॲब्सन्ट’, खोली ‘डिव्हॉइड ऑफ फर्निचर’. म्हणजे जे नाही ते ‘ॲब्सन्ट’, ज्याच्यात नाही ते ‘डिव्हॉइड’. ‘डिव्हॉइड’च्या पुढे ‘ऑफ’ हवाच, आणि ‘डिव्हॉइड’ थेट नामाआधी येत नाही. ‘अ डिव्हॉइड रूम’ असं इंग्रजीत म्हणत नाहीत.

नामाआधी ‘ॲब्सन्ट’ आला की मात्र अर्थ नीट पाहा. ‘ॲब्सन्ट स्टुडंट्स’ म्हणजे गैरहजर विद्यार्थी, पण ‘ॲन ॲब्सन्ट लुक’ म्हणजे हरवलेली नजर. तिथे माणूस समोरच बसलेला असतो.