ठासणीची बंदूक आणि चार वेगवेगळे कायदे: नव्याने आलेल्यांसाठी

"ठासणीच्या बंदुकीला अमेरिकेत काही कागद लागत नाही," हे वाक्य तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये ऐकलं असेल तर ते पूर्ण विसरा. पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या बाजूला ऐकलं असेल तर अर्धं विसरा. दरवर्षी उन्हाळा संपत आला की मंडळातली नवी मुलं मला याबद्दल विचारतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो आहे.

आपल्यातले जे सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडचे आहेत त्यांनी घरात आजोबांची शेतीसंरक्षण परवान्यावरची बंदूक पाहिलेली असते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गजाने ठासायची, ठोका बसताच दारू पेटवणारी छोटी टोपी बसवायची आणि बार काढायचा. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंदच झाली. इथे मात्र हरणाची शिकार उघड, कायदेशीर आणि सरकारच्या देखरेखीखाली चालते आणि ठासणीच्या बंदुकीसाठी वेगळा सीझन असतो. या सीझनला रानात गर्दी कमी असते. ओढ वाटणं साहजिक आहे.

घोळ असा की "ठासणीची बंदूक म्हणजे काय" याला इथे एकच उत्तर नाही. विकत घेताना एक व्याख्या, घरात ठेवताना दुसरी, सीझनमध्ये रानात नेताना तिसरी आणि गाडीत ठेवताना चौथी. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की माणूस अडकतो.

आधी केंद्राचा कायदा. १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये 'अँटिक फायरआर्म' नावाचा प्रकार आहे आणि तो 'फायरआर्म'च्या व्याख्येतून वगळलेला आहे. १८९८ पर्यंत बनलेली बंदूक त्यात येते. काळी दारू किंवा तिचा पर्याय वापरणारी, तयार काडतूस घेऊच न शकणारी ठासणीची बंदूकही त्यात येते, मग ती गेल्या महिन्यात कारखान्यातून निघालेली का असेना. म्हणून पेनसिल्व्हेनियातल्या दुकानात साधी ठासणीची रायफल फॉर्म न भरता मिळते.

पण त्याच कलमाला एक शेपूट आहे. नळी, बोल्ट किंवा ब्रीचब्लॉक (नळीचं मागचं तोंड बंद करणारे भाग) बदलून जिच्यातून सहज काडतूस उडवता येईल, किंवा जी मुळात काडतुसाच्या बंदुकीच्या रिसीव्हरवर (मुख्य सांगाड्यावर) बनलेली आहे, ती अँटिक नाही. थॉम्पसन सेंटर कंपनीची एन्कोअर ही बंदूक हे नेहमीचं उदाहरण. काउंटरवर ती ५० कॅलिबरची (म्हणजे अर्धा इंच व्यासाची) ठासणीची नळी लावूनच ठेवलेली असते, पण दोन मिनिटांत तिला काडतुसाची नळी बसवता येते. त्यामुळे तिच्यासाठी ४४७३ क्रमांकाचा फॉर्म आणि पार्श्वभूमीची तपासणी आलीच. रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० या शॉटगनला ठासणीची नळी लावली तरी तेच. खोक्यावर काय छापलंय ते पाहू नका, बंदूक कशावर बनली आहे ते विचारा.

आता राज्य. केंद्राने सोडलेली वस्तू राज्य सोडेलच असं नाही. न्यू जर्सीत शिकारीसाठी आजची ठासणीची रायफल घ्यायची तर फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड हवं, बोटांचे ठसे आणि चौकशीसकट. डेलावेअर नदीपलीकडे, पेनसिल्व्हेनियात, जे सहज विकत मिळतं ते नदीअलीकडे आणलं की गुन्हा ठरू शकतो. न्यू जर्सीत हरणासाठी सेंटरफायर (नेहमीच्या मोठ्या काडतुसाची) रायफल चालतच नाही. शॉटगन, धनुष्य किंवा ठासणीची बंदूक एवढेच पर्याय. त्यामुळे तिथल्या आपल्या लोकांचा ठासणीच्या बंदुकीशी संबंध लवकर येतो, आणि चुकाही तिथेच जास्त होतात.

एच-वन, एल-वन, एफ-वनवर असलेल्यांनी पुढचं दोनदा वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला केंद्राच्या कायद्याने फायरआर्म आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. या मनाईला अपवाद आहेत, त्यातला आपल्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. म्हणून क्रम असा ठेवा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, मग बंदूक. लायसन्स संपलं की अपवादही संपतो. पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स ३० जूनला संपतं, न्यू जर्सीचं ३१ डिसेंबरला. कपाटात बंदूक असेल तर ही तारीख विसरू नका. एच-फोरवरच्या जोडीदाराला तुमचं लायसन्स लागू होत नाही, तेव्हा बंदूक कुलपात आणि किल्ली तुमच्याकडे. "अँटिक तर फायरआर्मच नाही, मग मला मनाई कुठली" हा युक्तिवाद केंद्राच्या कायद्यापुरता बरोबर आहे, पण राज्याचा कायदा तो ऐकेलच असं नाही. बंदुकीच्या कायद्याखाली शिक्षा झाली तर ग्रीन कार्ड असलेल्यालाही देशाबाहेर काढता येतं. एवढी जोखीम तर्कावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला एक तासाची फी द्या.

एवढं झालं की सीझनची व्याख्या येते. १९८५ मध्ये टोनी नाइट यांनी एमके-८५ ही इन-लाइन रायफल बाजारात आणली. टोपी नळीच्या थेट मागे, वर स्कोप, म्हणजे दुर्बीण; दिसायला आणि वागायला आजच्या रायफलसारखी. तेव्हापासून प्रत्येक राज्य आपापली रेघ ओढत बसलं आहे.

पेनसिल्व्हेनियात एकाच राज्यात दोन रेघा आहेत. ऑक्टोबरच्या मादी हरणांच्या सीझनला इन-लाइन आणि स्कोप दोन्ही चालतात. नाताळनंतरच्या सीझनला, जो १९७४ पासून चालू आहे, फक्त चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, बंदूक: १८०० च्या आधीच्या घडणीची किंवा तिची नक्कल, एकनळी, किमान ४४ कॅलिबर, स्कोप नाही. ऑक्टोबरची रायफल घेऊन डिसेंबरात रानात गेलात तर तो सरळ नियमभंग आहे.

चकमकीची बंदूक हातात घेऊन पाहिल्याशिवाय हा नियम पटत नाही. घोड्याच्या (चाप ओढल्यावर आपटणाऱ्या भागाच्या) जबड्यात चामड्याच्या तुकड्यात धरलेला गारगोटीचा दगड असतो. चाप ओढला की तो पोलादी पात्यावर घासतो, ठिणग्या खालच्या पसरट कानातल्या (नळीच्या बाजूच्या छोट्या वाटीतल्या) बारीक दारूवर पडतात आणि तिथून एका भोकातून आग नळीत शिरते. त्या क्षणभरात बंदूक हलू द्यायची नसते. जानेवारीच्या बोचऱ्या दमट हवेत कानातली दारू ओली झाली की नुसतं "फुस्स" होतं आणि हरीण निघून जातं. मला हा सीझन सगळ्यात प्रिय आहे, आणि तो असाच राहावा असं मनापासून वाटतं.

दूरच्या राज्यांत चित्र आणखी बदलतं. कोलोरॅडोत इन-लाइन चालते, पण सप्टेंबरच्या ठासणीच्या सीझनला स्कोप नाही, गोळीभोवती प्लॅस्टिकचा सॅबो नाही, दारूच्या तयार वड्या नाहीत; सुटी दारूच मोजून ओतायची. एल्कसाठी (मोठ्या जातीच्या हरणासाठी) किमान ५० कॅलिबर. आयडाहोत ठासणीच्या राखीव शिकारींना टोपीची जागा उघड्या हवेत असावी लागते, म्हणून बहुतेक इन-लाइन तिथे बाद. उलट मिसिसिपीत 'प्रिमिटिव्ह वेपन'मध्ये (जुन्या पद्धतीच्या हत्यारात) उघड्या घोड्याची, एकबारी, ३५ किंवा त्याहून मोठ्या कॅलिबरची काडतुसाची रायफलही बसते! जी ठासतच नाहीत ती. प्रत्येक राज्याचं त्या वर्षीचं नियमपुस्तक वाचा. दुकानदार आणि मित्र गेल्या वर्षीचं सांगतात.

आता गाडी. पेनसिल्व्हेनियात टोपी काढली किंवा कानातली दारू झाडून टाकली की नळीत बार ठासलेला असूनही बंदूक 'रिकामी' मानतात. याचा अर्थ ती निर्धोक झाली असा नाही. मी दिवस संपल्यावर सुरक्षित जागी बार काढूनच गाडीकडे येतो. न्यू जर्सीतून जाताना बंदूक पूर्ण रिकामी, बंद पेटीत आणि डिकीत ठेवा.

आणि एक. आजच्या काडतुसांत भरतात ती स्मोकलेस दारू या बंदुकीत कधीही घालू नका. नळी फुटून माणसं जायबंदी होतात. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन हे काळ्या दारूचे मान्य पर्याय आहेत, तेही बंदुकीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या मापानेच.

कोलोरॅडोला एल्कसाठी विमानाने जाणार असाल तर बंदूक कुलूपबंद पेटीत, रिकामी, जाहीर करून चेक-इन सामानात जाते. काळी दारू आणि टोप्या मात्र ना हातातल्या बॅगेत चालतात, ना चेक-इनमध्ये. त्या डेन्व्हरला उतरल्यावर विकत घ्या, आणि घेताना वड्यांचा डबा उचलू नका, सुटी दारू मागा.