रिव्हर्स मॉर्गेजवर सही करण्याआधी हा तक्ता मागा

राहतं घर बँकेकडे गहाण ठेवून दरमहा पैसे मिळतात, पण शेवटी देणं किती होईल हे आई-वडिलांना कुणी नीट सांगत नाही.

१. आधी वय आणि कागद पाहा. कर्जदार किमान ६० वर्षांचा हवा. घर स्वकष्टार्जित, स्वतःच्या नावावर आणि राहतं हवं. वडिलोपार्जित वाड्यावर हे कर्ज मिळणं अवघडच.

२. बँकेकडून ५, १० आणि १५ वर्षांनंतरच्या थकबाकीचा तक्ता लेखी मागा. खरी गोम इथेच आहे. दरमहा १०,००० रुपये घेतले तर १५ वर्षांत हातात १८ लाख येतात. व्याज १० टक्के धरलं आणि ते दरमहा चढत गेलं, तर देणं सुमारे ४१ लाख होतं! हा आकडा पाहून मगच हप्ता ठरवा.

३. तो तक्ता मुलांना दाखवा. दोघांच्या पश्चात व्याजासह कर्ज फेडून घर ठेवायचं की विकू द्यायचं, हे त्यांनाच ठरवायचं असतं. विक्रीतून देणं भागून उरलेली रक्कम वारसांची.

मिळणारी रक्कम कर्ज असल्याने तिच्यावर आयकर नाही.

एक जपा: मुदत संपली की हप्ते थांबतात. घरात राहता येतं, पण व्याज वाढतच राहतं आणि औषधपाण्याचा खर्चही. त्यामुळे साठीतच घाई नको. जमलं तर सत्तरीपर्यंत थांबा.