सिंधूच्या बाजूने नाटक कसं वाचावं

शोकांतिका बाईच्या बाजूने वाचायची म्हणजे नाटककाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं, असं वाटत असेल तर तो समज चपलांसोबत दाराबाहेर काढून ठेवा. नाटककार राम गणेश गडकरी स्त्रीद्वेष्टे होते का, शेक्सपिअर होता का, या वादात आख्खी संध्याकाळ जाते आणि पातेलंभर चहा संपतो, हाती काही लागत नाही. प्रश्न नाटकालाच विचारा: इथे कुणी किती सोसलं, आणि रडू कुणासाठी आणलं?

सुरुवात गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’पासून करा. त्यात सुधाकर दारूच्या आहारी जातो आणि त्याची बायको सिंधू सोसत राहते. सीताबर्डीला जुन्या पुस्तकवाल्यांकडे प्रत सहज मिळते. शिवाय गडकरी गेले ते आपल्या सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी. नाटक रंगभूमीवर आलं ते त्यानंतर. त्यामुळे नागपूरकरांनी या नाटकाशी थोडं भांडलं तर ते घरचं भांडण समजावं.

सगळं नाटक एका बैठकीत वाचायचा हट्ट नको. सिंधूचा भाऊ पद्माकर तिला माहेरी न्यायला येतो आणि ती ‘कशी या त्यजू पदाला’ म्हणते, तेवढाच प्रवेश घ्या. मोठ्याने वाचा, आणि सिंधू पुरुषाला द्या. आमच्या प्रतापनगरच्या गटात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, नाट्यसंगीताचे दर्दी. पद त्यांना तोंडपाठ. पण गाणं बाजूला ठेवून नुसते शब्द बोलायला लावले तेव्हा दुसऱ्याच ओळीला थांबले. चष्मा पुसला, म्हणाले, “मॅडम, चालीत हे एवढं कधी टोचलं नाही.” हेच हवं असतं. चाल माणसाला गुंगवते, म्हणून पहिलं वाचन कोरडंच करा. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत आणि सुरेखच आहेत. ती मागाहून मनसोक्त ऐका.

हातात दोन रंगांच्या पेन्सिली असू द्या. बाई स्वतः बोलते तिथे एक रंग, तिच्याविषयी इतर बोलतात तिथे दुसरा. देवी, साध्वी, गृहलक्ष्मी असली विशेषणं दुसऱ्या रंगात किती जमतात ते पाहा. स्तुतीसुद्धा बाईला जागच्या जागी बसवते, हे एकदा लक्षात आलं की ‘हॅम्लेट’मधली बायकांवरची शेरेबाजी आणि आपल्याकडचं देवीपण यांत फार अंतर वाटत नाही. मात्र हॅम्लेटचं वाक्य हॅम्लेटचं असतं. पात्राचं मत आणि नाटकाचा कल वेगळे ओळखायचे तर बघा, त्या वाक्याला कुणी उत्तर देतं का, आणि शेवट कुणाला खरं ठरवतो.

आता हमखास येणारा प्रश्न. गटातली नर्स ड्यूटी संपवून तशीच आली होती. म्हणाली, “ते काहून नाही जात माहेरी?” याचं उत्तर भावनेत शोधू नका, कायद्यात शोधा. रखमाबाईंना १८८७ मध्ये मुंबईच्या कोर्टाने सांगितलं होतं: नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. घटस्फोटाची सोय देणारा हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये. तेव्हा सिंधू निघाली असती तरी ‘टाकलेली’ म्हणूनच जगली असती. यावर दुसरी एक बाई म्हणाली, “आमच्यात काडीमोड व्हायचा. माझ्या आजीने पाटच लावला होता.” बैठक तिथेच रंगली. सिंधूचं पातिव्रत्य हे सगळ्या बायकांचं नव्हे, एका विशिष्ट जातीच्या घरातलं आहे, हे कुठल्याही टीकाग्रंथापेक्षा त्या वाक्याने स्वच्छ सांगितलं.

मग दुसरी बाई शोधा. शोकांतिकेत कडू खरं बहुतेक वेळा नायिकेच्या तोंडी नसतं. दासी, मैत्रीण, विनोदी पात्र यांच्याकडे ते सोपवलेलं असतं. इथे सुधाकरला दारूची गोडी लावणाऱ्या तळीरामाची बायको गीता आहे. ती फाडकन बोलते आणि प्रेक्षक हसतात. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त नायिका डेस्डिमोनाची सोबतीण एमिलिया आहे. नवऱ्यांसारख्याच बायकांनाही जाणिवा असतात, हे तिचं प्रसिद्ध भाषण १६२३ च्या छापील प्रतीत आहे, १६२२ च्या प्रतीत नाही. का, यावर अभ्यासकांना वाद घालू द्या. आपण दोन्ही तऱ्हांनी वाचून बघावं. भाषण काढलं की डेस्डिमोना केवळ भोळी उरते.

डेस्डिमोना आणि सिंधू यांना शेजारी बसवाच. देवलांच्या ‘झुंजारराव’मुळे ऑथेल्लो मराठीला जुनाच ओळखीचा आहे. दोघी मरताना खोटं बोलतात, ते मारणाऱ्याला वाचवायला. नवऱ्याने, ऑथेल्लोने, जीव घेतलेला असताना डेस्डिमोना म्हणते, कुणी नाही, मीच. सिंधू फौजदारापुढे सुधाकरला पाठीशी घालते. पोटचं पोर गेलेलं असताना! या जागी डोळे भरून येतात, येऊ द्या. पण लगेच लिहून काढा: या खोट्याने कुणाची सुटका होते? माझं मत विचाराल तर सुधाकरइतकीच प्रेक्षकांचीही होते. बाईने माफ केलं, मग आपण कोण विचारणार?

‘एकच प्याला’त आणखी एक पळवाट आहे, दारू. सगळा दोष बाटलीवर गेला की नवरेपणाला कुणी हात लावत नाही. म्हणून पहिल्या पेल्याआधीचं घर नीट वाचा. त्या घरात निर्णय कोण घेतं, पैसा कुणाकडे, सिंधूला ‘नाही’ म्हणता येतं का? दारू नंतर आली. नवऱ्याचा हक्क आधीपासून होता. आमचे काका यावर अजून भांडतात. गडकऱ्यांना व्यसनावरच लिहायचं होतं, असं त्यांचं म्हणणं. असेल. तरी घर त्यांनीच रंगवलंय ना!

सिंधू बालगंधर्वांनी, म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटाने केली, हेही टिपून ठेवा. ज्यांच्या लुगड्यांची नक्कल घराघरात व्हायची, त्यांनी सोसणंही तितकंच देखणं केलं. ग्रीकांकडेही बायकांची कामं पुरुषच करत. तरीही ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या ‘मीडिया’ नाटकाची त्याच नावाची नायिका म्हणते, एकदा बाळंत होण्यापेक्षा तीनदा लढाईला उभी राहीन. इसवी सनपूर्व ४३१ मध्ये स्पर्धेत त्याचा नंबर तिसरा आला, म्हणजे शेवटचा.

पुढची बैठक मीडियावर ठेवा, पण त्याआधी बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांची १८८२ ची ‘स्त्री पुरुष तुलना’ वाचून या. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली, बायकोसाठी कोणता नवरा गेला, असं त्या विचारतात. मीडियाने पोरं मारली तर ती राक्षसीण, आणि सुधाकरच्या काठीने पोर मेलं तर ती शोकांतिका, हे कसं, तिथून बोलायला सुरुवात करा. चहा थोडा जास्त टाका, ही बैठक लांबते.