न्यूजलेटर सुचवायचं असेल तर यादी नको, एक अंक पाठवा

मला लोक न्यूजलेटरांची, म्हणजे मेलवर नेमाने येणाऱ्या लेखांची, यादी मागतात. ट्रान्स-हार्बर लोकलच्या लेडीज डब्यातल्या मैत्रिणी मागतात, तुर्भ्याच्या ऑफिसातले मागतात, घरचे तर मागतातच. यादी मी कुणालाच देत नाही. व्हॉट्सॲपवर दहा नावांची यादी आली की माणूस अंगठ्याचं चिन्ह टाकून मोकळा होतो आणि त्यातलं एकही नाव उघडलं जात नाही. त्यापेक्षा मी एका माणसाला एका न्यूजलेटरचा एकच अंक पाठवते. ते कसं, हे इथे नीट सांगते. एकट्याने, मनापासून लिहिणारी माणसं अशा शिफारशींवरच तगतात, त्यांच्यासाठी जाहिरातीवर खर्च करणारं मागे कुणी नसतं. मराठीला ही रीत नवी नाही. साठच्या दशकात अशोक शहाण्यांचं 'असो' आणि त्या काळातली बाकीची अनियतकालिकं अशीच हातोहात फिरली.

आधी स्वतःचा इनबॉक्स लावून घ्या. बँकेची स्टेटमेंटं, विजेचं बिल आणि सोसायटीच्या नोटिसा यांच्या गर्दीत न्यूजलेटर वाचून होत नाही. जीमेल असेल तर नवा पत्ता काढायची गरज नाही. आपल्याच पत्त्यात @ च्या आधी + टाकून एखादा शब्द जोडायचा, तरी मेल आपल्याकडेच येते. मी तिथे 'वाचन' या अर्थाचा शब्द लावते, आणि त्या पत्त्यावर येणारं सगळं एका लेबलखाली जावं असा फिल्टर लावून ठेवला आहे. ठाण्याला नऊ नंबरच्या फलाटावरून गाडीत बसले की तेवढंच लेबल उघडायचं. सबस्क्राइब केल्यावर बऱ्याचदा खात्री करून घेणारी एक मेल येते. तिच्यातल्या लिंकवर टिचकी मारली नाही तर पुढे काही येतच नाही. पहिला अंक जीमेलच्या 'प्रमोशन्स' कप्प्यात पडला असेल तर तो उचलून 'प्रायमरी'त टाका. आणखी एक गोष्ट: मेल 102 केबीच्या वर गेली की जीमेल ती मध्येच कापतं आणि तळाशी पूर्ण मेसेज बघण्याची बारीक लिंक देतं. लांब अंक अर्धवट संपल्यासारखा वाटला तर आधी ती लिंक शोधा.

सबस्टॅकवर, म्हणजे बरीच न्यूजलेटरं जिथून निघतात त्या साइटवर, नाव नोंदवताना पुढच्या पानावर आणखी चार न्यूजलेटरं सुचवलेली दिसतात. तिथे खुणा आधीच केलेल्या असतील तर काढून टाका. आपण निवडलेलं नसताना आलेलं आपण वाचत नाही, आणि त्या गर्दीत निवडलेलंही राहून जातं.

आता पारख. जुन्या अंकांच्या पानावर जा आणि आधी तारखा बघा. दर आठवड्याला लिहीन म्हणणारा लेखक महिनोन्महिने गायब असेल तर मी थांबते, दुसऱ्याला सुचवत नाही. मग गाजलेला अंक सोडून मधलाच एखादा वाचा. गाजलेला अंक बहुतेकांचा चांगलाच असतो. साध्या आठवड्यात, विशेष काही घडलेलं नसताना तो माणूस कसं लिहितो, हे मधल्या अंकात कळतं. माहिती कुठून घेतली ते सांगतो का, चूक निघाली तर पुढच्या अंकात दुरुस्त करतो का, हेही बघा.

पैसा कुठून येतो, हे मी नेहमी तपासते. लेखिका मारिया पोपोव्हा 2006 पासून लिहिते आहे. सुरुवातीला ती सात ओळखीच्यांना मेल पाठवायची, त्याला 'ब्रेन पिकिंग्ज' म्हणत. 2021 पासून नाव 'द मार्जिनेलियन'. साहित्य, विज्ञान, तत्त्वज्ञान यांतल्या जुन्या पुस्तकांबद्दल ती लिहिते, जाहिरात घेत नाही आणि मुख्यतः वाचकांच्या देणग्यांवर चालवते; पुस्तकांच्या लिंकवरून खरेदी झाली तर थोडं कमिशन मात्र तिला मिळतं. तेवढं सांगून एखाद्या पुस्तकाची तिने केलेली तारीफ मी पुढे पाठवते. दुसरीकडे 'फिनशॉट्स' आहे. रोज अर्थविषयक एकच गोष्ट, तीन मिनिटांत वाचून होईल अशी. ऑफिसात नुकतीच एसआयपी सुरू केलेल्या मुलाला मी तेच सुचवलं. मात्र ते चालवणाऱ्या मंडळींचाच 'डिट्टो' नावाचा विमा सल्ल्याचा व्यवसाय आहे, हेही त्याला सांगितलं. त्यामुळे ते वाईट ठरत नाही. पण विम्यावरचा अंक वाचताना वाचणाऱ्याच्या डोक्यात ते असायला हवं, आणि ते सांगणं शिफारस करणाऱ्याचं काम आहे.

माणूस बघून अंक निवडणं, हा यातला सगळ्यात आनंदाचा भाग. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून चालू आहे. अशा जुन्या वाचनालयात काउंटरवरचा जाणता माणूस तुमचं परत आलेलं पुस्तक बघतो आणि मग पुढचं हातात ठेवतो. तसंच करायचं.

माझा धाकटा भाऊ उलव्याला साइटवर इंजिनिअर आहे. 'वाचायला वेळ कुठाय ताई' हे त्याचं कायमचं. त्याला ब्रायन पॉटर या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या 'कन्स्ट्रक्शन फिजिक्स'चा एक अंक पाठवला. बांधकामात मोठमोठी कामं होऊनही कारखान्यातल्या मालासारखा खर्च का उतरत नाही, यावरचा. सोबत एवढंच लिहिलं: 'तू परवा स्लॅबच्या खर्चावरून वैतागला होतास ना, हा माणूस त्यावरच लिहितो. लांब आहे, रविवारी वाच.' रविवारी दुपारी त्याचा फोन आला तो भांडायलाच. आपल्याकडे मजुरीचं गणितच वेगळं, इथे तो हिशेब लागू होत नाही, असं म्हणत अर्धा तास बोलत होता. वाचल्याशिवाय कुणी असं भांडत नाही. आता तो स्वतःहून वाचतो.

भाचा यूपीएससीची तयारी करतो. त्याला प्रणय कोटस्थाने आणि रघु जेटली यांचं 'अँटिसिपेटिंग द अनइंटेंडेड' दिलं. चांगल्या हेतूने आखलेल्या धोरणांचे भलतेच परिणाम कसे होतात, हा त्यांचा आवडता विषय आहे. क्लासच्या नोट्समध्ये योजनेचं नाव, वर्ष आणि उद्दिष्टं असतात. ती योजना प्रत्यक्षात कुठे अडली याचा विचार करण्याची सवय इथे लागते.

मावशीची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण अडचण कुठे येते ते तिच्यामुळे कळलं. ती शाळेत इंग्रजी शिकवायची, आता नौपाड्यात असते. शॉन अशर 'लेटर्स ऑफ नोट' या न्यूजलेटरमध्ये जुनी पत्रं त्यांच्यामागच्या हकिगतीसकट देतो. गांधीजींनी 23 जुलै 1939 रोजी वर्ध्याहून हिटलरला लिहिलेलं आणि इंग्रज सरकारने पोचू न दिलेलं पत्रही त्याच्या संग्रहात आहे. हे मावशीचंच वाचन आहे म्हणून मी लिंक पाठवली. संध्याकाळी तिच्याकडे गेले, तर ती फोन समोर धरून बसलेली. अक्षरं मोठी केलेली, दोन परिच्छेद सरकवले होते आणि खालून मेल पत्ता मागणारा चौकोन वर आला होता. "पैसे मागतायत गं हे," म्हणाली. त्या चौकोनाच्या खाली फिक्या अक्षरांत 'कंटिन्यू रीडिंग' लिहिलेलं होतं. तिच्या मोठ्या अक्षरांच्या स्क्रीनवर ते जवळजवळ बाहेरच गेलं होतं. मी बोट ठेवून दाखवलं, तिने दाबलं आणि पत्र उघडलं. तेव्हापासून वयस्कर माणसाला लिंक पाठवताना मी सोबत लिहिते: 'मध्ये चौकोन येईल, पत्ता देऊ नका, खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवा.' पुढे आवडलंच तर सबस्क्राइब आपण शेजारी बसून करून द्यावं.

फक्त मराठी वाचणाऱ्यांना काय द्यायचं, हा मला खरोखर टोचणारा प्रश्न आहे. मराठीत नेमाने येणारी न्यूजलेटरं फार थोडी आहेत. सासूबाईंना मी 'पारी'च्या गोष्टी पाठवते. ग्रामीण भारताचा हा ऑनलाइन संग्रह पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर 2014 मध्ये सुरू केला. एकट्या लेखकाचं न्यूजलेटर ते नव्हे, पण तिथले लेख मराठीतही असतात. लेखाच्या पानावर भाषा बदलून मराठी घ्यायची आणि मगच लिंक पाठवायची. इंग्रजी पान उघडलं तर वाचणारी व्यक्ती तिथेच सोडून देते. तुमच्या ओळखीत कुणी मराठीत नेमाने लिहीत असेल, तर त्याचा अंक सगळ्यात आधी पुढे पाठवा.

सोबतच्या ओळीत तीन गोष्टी पुरतात: हा अंक तुलाच का, वाचायला किती वेळ लागेल, आणि पुढे पैसे भरावे लागतात का. 'मस्त आहे, नक्की वाच' हे लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. ग्रुपवर टाकू नका, ज्याचं त्याला पाठवा. आणि दुसऱ्या दिवशी 'वाचलंस का' असं विचारू नका. दुसरं न्यूजलेटर पहिलं रुजल्यावरच.

पैशांचं थोडक्यात. सबस्टॅकवर बरंचसं फुकट वाचता येतं. लेखकाने वर्गणी ठेवली तर महिन्याला निदान 5 डॉलर, आणि त्यातले 10 टक्के सबस्टॅक घेतं. रिझर्व्ह बँकेच्या 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे जायचे तर आधी ई-मँडेट, म्हणजे बँकेकडे नोंदवलेली परवानगी, लागतं, त्यामुळे परदेशी वर्गणी पुढच्याच महिन्यात अडकू शकते. मी वर्षाची एकदम भरते, आणि तीही बरेच महिने फुकट वाचून झाल्यावर.

वर्गणी परवडत नसेल तर लेखकाला उत्तर लिहा. बहुतेक न्यूजलेटरांच्या मेलला थेट रिप्लाय करता येतो आणि तो लिहिणाऱ्यालाच मिळतो. कुठल्या अंकातलं काय पटलं, काय नाही पटलं आणि इथे आपल्याकडे ते कसं आहे, हे चार ओळींत पुरे. भावाने मजुरीचा तो मुद्दा पॉटरला लिहून कळवावा म्हणून सध्या मी त्याच्या मागे लागले आहे.