'प्रिपॉस्टरस' वापरताना या चुका टाळा

मूर्खपणाला नावं ठेवायला इंग्रजीत विशेषणांची कमी नाही, पण नवशिक्यांचा जीव जडतो तो 'प्रिपॉस्टरस'वर. शब्द भारदस्त, म्हणून दिसेल तिथे चिकटवायचा.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे तो 'आगळावेगळा' या अर्थाने वापरणं. बैठकीत वरिष्ठांनी अनपेक्षित कल्पना मांडलेली असते, तिचं कौतुक करायचं असतं. कोशातल्या समानार्थी शब्दांच्या रांगेतून सर्वांत लांब शब्द उचलला जातो आणि मेल जातो: 'युवर आयडिया इज प्रिपॉस्टरस.' समोरचा वाचतो ते असं: 'तुमची कल्पना म्हणजे शुद्ध खुळेपणा.' पुढे स्मायली टाकून हे सावरत नाही. कौतुकाला 'अनयूज्वल' पुरे. हा शब्द धडधडीत खोटे दावे, आरोप, सबबी यांच्यासाठी राखून ठेवावा. अवाढव्य टोपीला किंवा मिशीलाही तो शोभतो, पण तिथे त्यात थट्टा असते.

दुसरी चूक अर्धवट व्युत्पत्ती वाचलेल्यांची. लॅटिनमध्ये 'प्राए' म्हणजे आधी, 'पोस्तेरुस' म्हणजे मागून येणारा. मागचं पुढे आलं, म्हणजे आधी कळस मग पाया. सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा शब्दाला हाही अर्थ होता. 1589 च्या एका इंग्रजी अलंकारग्रंथात तर, नंतरची गोष्ट आधी सांगण्याच्या अलंकारालाच हे नाव दिलं आहे. पण म्हणून आज उलट्या लावलेल्या फायलींना 'प्रिपॉस्टरस ऑर्डर' म्हणू नये. वाचणाऱ्याला क्रम उलटा नाही, बिनडोक वाटेल. त्यासाठी साधा 'रिव्हर्स' आहे.

'व्हेरी' लावू नका. शब्द मुळातच टोकाचा आहे. जोर हवाच असेल तर 'अटरली' किंवा 'ॲब्सोल्यूटली'.

उच्चारात जोर 'पॉस्'वर, पहिल्या अक्षरावर नाही.

स्पेलिंगमध्ये टी आणि आर यांच्यामधला ई हमखास गळतो. शब्दाच्या पोटात अख्खं 'पोस्टर' आहे: आधी पी-आर-ई, मग पोस्टर, शेवटी ओ-यू-एस. एवढं लक्षात राहिलं की झालं. ऑटोकरेक्टवर मात्र भिस्त नको. घाईत 'प्रॉस्परस'वर बोट पडलं, तर ज्या आरोपाला खुळचट म्हणायचं होतं, तो भरभराटीला आलेला असतो.