जुनी पोर्शे ९११ घेताय? गंजाच्या आणि वळणावरच्या या चुका टाळा

‘सगळ्या जुन्या ९११ सारख्याच’ असं धरून चालणं ही पहिली चूक. आकार तोच दिसतो, पण आतला पत्रा आणि सस्पेंशन बदलत गेलं. म्हणून गाडीचा रंग नंतर, मॉडेलचं वर्ष आधी विचारा.

१९७६ च्या मॉडेलपासून पूर्ण बॉडीला जस्ताचा मुलामा मिळाला. त्याआधीच्या गाडीत गंज आहे का, हे विचारूच नका. किती आहे आणि कशाखाली झाकलाय तेवढं शोधा. पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवा. पकड ढिली पडली, तिथे पुट्टी.

पण ‘गॅल्व्हनाइज्ड आहे, गंजणार नाही’ हा भरवसाही फसवा. मुलामा गंज लांबवतो, एवढंच. दुरुस्तीत ग्राइंडर फिरला किंवा वेल्डिंग झालं की तिथलं जस्त गेलंच. ऐंशीच्या दशकातल्या गाडीत दाराचं कुलूप अडकतं तो खांब आणि सिलचं, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीचं, मागचं टोक बघा. ९६४ मध्ये (१९८९ पासूनची ९११ ची पिढी) पुढच्या काचेच्या रबराकाठी रंगाला फोड आले असतील, तर आतलं काम दिसतं त्यापेक्षा मोठं निघतं.

एक गंमत पाहा. सुरुवातीच्या ९११ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जेमतेम २२११ मिमी, इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. त्यामुळे मागचा भाग सुटायला टपलेला. १९६९ च्या मॉडेलला व्हीलबेस ५७ मिमीने वाढवला आणि पुढे वजन यावं म्हणून दोन बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत बसवल्या. वळणं सुधारली, पण बॅटरीतलं आम्ल सांडून ते कोपरे गंजू लागले. १९७३ पर्यंतच्या गाडीत बॅटऱ्या उचलून खालचा पत्रा तपासाच.

चालवताना सगळ्यात महागात पडते ती सवय म्हणजे वळणाच्या मध्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडणं. वजन पुढे सरकतं, मागच्या टायरांची पकड सुटते आणि गाडी गर्रकन फिरते. वेग वळणाआधीच कमी करा, आत शिरल्यावर पाय हलका पण स्थिर ठेवा. ९९३ चं (९६४ नंतरची पिढी) मल्टिलिंक, म्हणजे चाकाला अनेक दांड्यांनी धरणारं, मागचं सस्पेंशन अशी चूक बरीच पोटात घालतं. १९६७ ची गाडी घालत नाही. ९९३ ची सवय झालेल्याने म्हणूनच जपून.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचे चार आकडे वाचा: टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. जुन्या गाड्या कमी फिरतात. टायर झिजत नाही, कडक होतो.

अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करूनही गाडी एका बाजूला ओढत असेल, तर टायर, हवा आणि ब्रेक पाहून झाल्यावर पुन्हा पुन्हा अलाइनमेंटचे पैसे भरू नका. टॉर्शन बारवाल्या (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी), म्हणजे ९६४ च्या आधीच्या गाडीत पेट्रोल टाकीखालचा पत्रा आणि मागची टॉर्शन बारची नळी ठोकून बघा. सस्पेंशन जिथे धरलंय तोच पत्रा कुजलेला असेल, तर कुठलंही माप टिकणार नाही.